केरूतात्यांचा मुरलेला ब्लॉक

नवी नवरी माप ओलांडून आत आली की शेजारपाजारचे लोक तिचं तोंड बघतात. केरूतात्यांनी माझा तवा बघितला. बघितला म्हणजे काय, रुखवताच्या भांड्यांतून उपसून काढला, एका बोटावर टांगला, कानाशी नेला आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टण्णकन वाजवला. ओसरीवरच्या माणसांनी माना पुढं काढल्या. तात्यांनी डोळे मिटले, आवाज पार विरेपर्यंत थांबले आणि आमच्या सासूबाईंना म्हणाले, "घ्या करून आक्का. बीड झ्याक हाय. सूनबाई बी चांगलीच आसंल."

सासूबाई काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "आन् तवा बद्द वाजला आस्ता तर? सून परत धाडायची व्हय?"

"तवा धाडायचा. सुनंला कोन धाडतंय!"

मला हसू आवरेना. नव्या नवरीनं हसू नये म्हणून पदर तोंडात कोंबला. राहाता गावात माझं पहिलं स्वागत झालं ते असं.

आता हे वाजवून बघणं मला नवं होतं असं नाही. बाजारात कुंभाराकडून मडकं घेताना कोणती बाई वाजवून बघत नाही? पण आपण मडक्यापाशी थांबतो. तात्या थांबत नसत. कलिंगड, परात, घंटा, दाराची कडी, सगळ्याला टिचकी. लेकीला बघायला सोनई गावचा मुलगा आला, तेव्हा तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कान पुढं केला. मुलगा बिचारा आशीर्वाद समजून वाकला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की तो पास झाला होता.

तात्या मिस्त्री होते. आमची त्यांची भिंत एकच, आणि घरामागं त्यांची पत्र्याची शेड. जीपगाड्या, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, सगळं तिथं उघडून पडलेलं असायचं. पण तात्यांचा जीव कशात, तर ब्लॉकमध्ये. ब्लॉक म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक! एकदा चहा द्यायला गेले तेव्हा विचारलं.

"इंजनाचं घर वो," तात्या म्हणाले. "ह्यो बिडाचा ठोकळा. ही गोल भोकं दिसत्यात का? यात पिस्टन वर-खाली पळतो. पिस्टन, रिंगा, व्हॉल ही समदी भाडेकरू मानसं. येत्यात, जात्यात. घर टिकलं पायजे."

इतकं सोपं करून मला शाळेत कुणी काही सांगितलं असतं, तर मी चौथीच्या पुढंही गेले असते.

लोक त्यांच्याकडं यायचे ते एकाच सवालासाठी. जुना ब्लॉक झिजला, आता त्यालाच भोक मोठं करून आतून नळी बसवावी, की बाजारातला नवा बदली ब्लॉक घ्यावा? त्या दिवसांत असा बदली माल नुकता मिळायला लागला होता. विलायती कंपनीचा तो 'ओरिजनल' आणि आपल्याकडं ओतलेला तो 'डुप्लिकेट'. डुप्लिकेट म्हणताना तात्यांचं नाक असं वर जायचं, की वाटावं कुणी शिळं कालवण पुढं केलंय.

"नवं बीड म्हंजी कालची कैरी," ते म्हणत. "मीठ लावलं, बरनीत घातली, लगीच लोनचं झालं का? मुरावं लागतं. जुना ब्लॉक लाख येळा तापला, लाख येळा निवला. त्याच्या अंगातला समदा ताठा गेला. आता त्यो हलनार न्हाई. नवा ब्लॉक आज गोल दिसंल, सा म्हैन्यानं बघा, भोकाचा मोदक झाल्याला आसतोय."

नुसतं म्हणून थांबत नसत. कुणी नवा ब्लॉक बसवायला आणला, की तो आधी परसात उघड्यावर टाकायचे. ऊन खाऊ दे, दव पिऊ दे, मुरू दे. आमच्या परसातून बघितलं की वाळवणासारखे ब्लॉक मांडलेले. मी कुरडया राखायची आणि तात्या ब्लॉक.

दुष्काळाच्या साली यावरून केवढी भांडणं! विहिरी खोल करायच्या, गाळ उपसायचा, पाण्यापर्यंत पोचायचं, म्हणून ज्याच्या त्याच्या विहिरीवर इंजिन धडधडत होतं. आणि इथं तात्या लोकांचे ब्लॉक मुरवत बसलेले.

"मिस्त्री, माझा ब्लॉक कुटं हाय?" एक बागवाला तणतणत आला. त्याच्या पेरूच्या बागेचे पार खराटे झाले होते.

"मुरतोय."

"आवो, त्यो मुरंस्तवर माझी बाग मरंल!"

"कच्चा बशिवला तर इंजन मरंल."

"मरू द्या इंजन! इंजन काय मी खातोय का? पेरू खातोय!"

तात्यांनी विचार केला. मग उठले, शेडमधनं स्वतःच्या ठेवणीतला एक जुना, मुरलेला ब्लॉक काढला आणि त्याच्या बैलगाडीत चढवून दिला. "तुजा मुरंस्तवर ह्यो वापर." बागवाल्याचा राग तिथंच उतरला. असं त्या उन्हाळ्यात तात्यांकडचं एकूण एक जुनं बीड कुणाच्या ना कुणाच्या विहिरीवर गेलं. एकच राहिलं.

ते ओसरीवर होतं. लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं, वर धुतलेलं धोतर पांघरलेलं. दसऱ्याला तात्या त्याला तेलाचं बोट लावत, झेंडूचा हार घालत, आपट्याचं पान ठेवत. घरात बायको नव्हती, ती मी येण्याआधीच गेलेली. लेक कमळ, तिचंही मी आले त्याच वर्षी लग्न झालं. मग ओसरीवर तात्या आणि तो ब्लॉक, दोघंच.

तो रेसच्या मोटारीचा होता. तात्या तरुणपणी एका जहागीरदारांच्या पदरी मिस्त्री होते. त्यांना ते नुसतं सरकार म्हणत. सरकारांना वेगाचं वेड. विलायतेहून दोन माणसांची, बिनटपाची मोटार आणलेली. लष्करानं सोडून दिलेल्या एका धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. सरकार चाकावर आणि तात्या शेजारी.

"सायलेन्सर न्हाई, काच न्हाई, काय न्हाई," तात्या सांगायला लागले की चहा निवून जायचा. "नुस्ता आवाज. आवो, आवाज न्हवं त्यो, वाघ हुता! सरकार मानेनं खुनवायचे आन् मी पंपानं त्याल मारायचो. सरकार मला म्हनायचे, केरबा, तू हैस म्हनून मी मागं बघत न्हाई."

पुढं सरकार आजारी पडून गेले, मोटारखाना मोडला. ब्लॉक तेवढा दुरुस्तीला म्हणून तात्यांकडं आलेला होता, तो न्यायला कुणी आलंच नाही. मोटारीचं बाकीचं धड पुण्याला गेलं म्हणे. तात्यांचं म्हणणं एकच. आज ना उद्या ती मोटार उभी राहणार, आणि तिच्यात हाच ब्लॉक बसणार. "असलं बीड आता हुनार न्हाई. पंचवीस वर्सं मुरलंय. ह्यो बसला म्हंजी मी मोकळा." दुसरं काही त्यांनी कुणाकडं कधी मागितलेलं मला आठवत नाही.

त्या ब्लॉकवर एकदा संकट आलं होतं, ते सांगायलाच हवं. कमळच्या लग्नात आचारी बोलावला होता. पाण्याच्या मोठ्या हंड्यासाठी चुलवण मांडताना त्याला दोन दगड मिळाले, तिसरा मिळेना. ओसरीवर धोतराखाली काळा, दणकट ठोकळा दिसला. चार गड्यांनी उचलला आणि लावला चुलीला! दुपारपर्यंत वऱ्हाडाचं पाणी त्यावर उकळलं. मग हंडा परत भरताना अर्धी घागर गार पाणी त्याच्यावर हिंदकळलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि तात्या नेमके तेव्हा बाहेर आले.

लेकीचं लग्न. ओरडायची सोय नाही. तात्यांचा चेहरा मी बघितला. देव चोरीला गेलेल्या पुजाऱ्यासारखा. आचारी हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, मला काय ठावं, मला वाटलं जुनं भंगार हाय." तात्यांनी नुसता हात हलवला. दुसऱ्या दिवशी ब्लॉक घासूनपुसून परत ओसरीवर, आणि तात्या मला सांगतात, "जाळ लागला ते बरंच झालं. आनखी मुरला."

बाकी कुणाचाही ब्लॉक आला, की तात्या आधी त्याला रॉकेल फासायचे. मग फडक्यानं लख्ख पुसायचे आणि वर पातळ चुना लावायचे. बीड कुठं तडकलेलं असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ उमटते. माझं रेशनचं किती रॉकेल त्यांनी यात घालवलं, ते आमच्या ह्यांना मी कधी कळू दिलं नाही. पण ओसरीवरच्या ब्लॉकला त्यांनी कमळच्या लग्नानंतर चुना लावला नाही. मीही विचारलं नाही. काही गोष्टी शेजारणीनं विचारायच्या नसतात.

आणखी एक गोष्ट मी विचारली नव्हती. एकदा चहा घेऊन शेडमध्ये गेले, "तात्या, चहा" म्हणाले. तात्या वळले नाहीत. मी मोठ्यानं म्हणाले. नाहीत. कपबशी त्यांच्या पाठीशी खणकन ठेवली, तरी नाहीत. मग मला एकेक उलगडत गेलं. दुष्काळाच्या सालापासून तात्या मला सारखी हाक मारायचे. "सूनबाई, जरा या. ह्यो काय म्हंतोय सांगा बरं." मग पितळी हातोडीनं ब्लॉक वाजवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मी सांगायची, खणखणीत. किंवा सांगायची, बद्द. लोकांना वाटायचं मिस्त्रीनं बाई शागीर्द केली. सासूबाई म्हणायच्या, "घरात बिडाचा तवा करपतोय आन् ही भाईर बिडाचे ठोकळे ऐकतीय." मलाही वाटायचं, म्हातारा हौसेनं शिकवतोय. तर तसं नव्हतं. त्या वाघानं तात्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. उजव्यात थोडं उरलं होतं, तेही उतरत चाललेलं.

कळल्यावर मी काय केलं? काही नाही. हाक आली की भाकरी परतून जात राहिले. तात्या हातोडी मारत, मी कान देत असे. आमचं बरं चाललं होतं.

दुष्काळ सरला, आणि पुढच्या उन्हाळ्यात एक जीप तात्यांच्या दारात थांबली. आतून तिशीचे एक गृहस्थ उतरले, रणजितराव. सरकारांचे चिरंजीव. तात्यांनी त्यांना लहानपणी कडेवर घेतलेलं. तात्या त्यांच्या पायाकडं वाकले, तेवढ्यात ते पोरगंच वाकलं, दोघांची डोकी आपटली. तात्यांनी त्याही वेळी कपाळ चोळत म्हटलं, "भरीव हाय."

रणजितरावांनी मोटार उभी करायला घेतली होती. ब्लॉक नाही म्हणून त्यांनी जुन्या मापावरून लाकडी साचा करवला आणि नागापूरच्या कारखान्यांच्या नव्या वसाहतीतल्या एका ओतशाळेत नवा ब्लॉक ओतवून घेतला होता. तो जीपच्या मागं होता.

"पण मला आता कळलं की मूळचा तुमच्याकडं आहे," रणजितराव तात्यांसमोर येऊन मोठ्यानं म्हणाले. "दोन्ही बघा. जुना चांगला असेल तर जुनाच बसवायचा. तुम्ही सांगाल तो."

तात्या ज्या दिवसाची वाट बघत होते तो असा दारात येऊन उभा. त्यांनी धोतराचा काचा खोचला आणि नागापूरच्या ब्लॉककडं बघून नाक वर केलं. "डुप्लिकेट!"

दोन्ही ब्लॉक परसात ओंडक्यांवर शेजारीशेजारी ठेवले. आधी बिडाचा दाणा, किती बारीक ते. तात्यांनी कानस घेऊन दोन्हींची कड जराशी घासली. "आमचा बघा, बारीक रवा. आन् ह्यो..." बोटानं चाचपलं. परत चाचपलं. "ह्यो बी बारीक हाय. कोनी वतला रं ह्यो?" मग भोकांची मापं. जुन्याच्या भिंती पातळ झालेल्या, पण अजून एकदा घासता येईल इतक्या होत्या. नवा भरभक्कम. तात्या प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत होते. जुन्याची बाजू घेताना आवाज चढायचा, नव्याचं चांगलं निघालं की उतरायचा, पण लपवलं काही नाही.

मग हातोडी. "सूनबाई, या."

नव्याला चारी कोपऱ्यांवर हातोडी बसली. "खणखणीत," मी म्हणाले. चारी वेळा.

जुना. पहिला कोपरा असा वाजला की देवळातली घंटा मागं पडावी. दुसरा, तिसरा, तसाच. तात्यांची छाती फुगली. चौथ्यावर हातोडी पडली. कसं सांगू, तडा गेलेल्या मडक्यात कुणी बोललं असं वाटलं.

तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. रणजितरावही. मी खणखणीत म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? जुना ब्लॉक मोटारीत बसला असता. तात्यांच्या मनासारखं झालं असतं. शब्द माझ्या ओठावर आला होता.

"सूनबाई," तात्या हळूच म्हणाले, "मला तोंडावरनं कळतंय. पन मोठ्यानं सांगा. साहेबांना बी कळाय पायजे. मला ऐकू येत न्हाई, साहेब. कान हिचेच हायेत."

गावात कुणासमोर न बोललेली गोष्ट त्यांनी अशी परसात उघडी ठेवली.

"बद्द," मी म्हणाले.

"रॉकेल आना."

मी घरातून बाटली आणली. तात्यांनी तो कोपरा फासला, पुसला, चुना लावला आणि उकिडवे बसून राहिले. चुना वाळत गेला. मग केसासारखी एक रेघ उमटली, जरा जाड झाली आणि खालपर्यंत उतरली. चुलीचा जाळ लागलेली तीच बाजू.

"आचाऱ्यानं घात केला," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

"त्यानं येकदाच केला," तात्या म्हणाले. "मी तवापासनं चुना लावला न्हाई. मला ठावं हुतं की."

रणजितराव तात्यांच्या कानाशी वाकून चाचरत म्हणाले, "तात्या, वेल्डिंग करून चालणार नाही का? तुमची इतकी इच्छा..."

"विहिरीला चालंल. रेसला न्हाई. त्यात मानूस बसनार हाय, साहेब, आन् ते मानूस मागं बघनार न्हाई." तात्या उठले, गुडघे झटकले आणि नव्या ब्लॉकवर थाप मारली. "ह्योच घाला. डुप्लिकेट हाय, पन गुनाचा हाय. फकस्त पावसाळाभर माझ्या परसात टाका. मुरवून देतो."

आणि रणजितरावांनी खरंच टाकला! पावसाळाभर तात्या रोज सकाळी त्या नागापूरच्या पोराला फिरवून फिरवून ऊन दाखवत. ओसरीवरच्या ब्लॉकवरचं धोतर निघालं. तात्या आता त्यावर बसून चहा प्यायला लागले. म्हणाले, "बसाय झ्याक हाय. आदी सुचलंच न्हाई."

दिवाळीनंतर एका सकाळी रणजितराव ती मोटार ट्रकवर घालून घेऊन आले. तात्यांच्या दारातच चालू करायची म्हणाले. सगळी आळी लोटली. लांबोडकी, हिरवी, टप नसलेली ती मोटार रस्त्यात उभी राहिली. सासूबाई सूप हातात घेऊन तशाच बाहेर आल्या. रणजितराव चाकावर बसले. एकानं पुढून हँडल मारलं, आणि असा आवाज उठला की कोंबड्या छपरावर गेल्या, दोन बैल दावं तोडून पळाले आणि सासूबाईंच्या सुपातल्या तांदळाची रांगोळी झाली. माणसांनी कानांत बोटं घातली.

एकट्या तात्यांनी घातली नाहीत. त्यांनी इंजिनावरचं झाकण उघडून दोन्ही तळवे ब्लॉकवर ठेवले, आणि चेहरा असा फुलला म्हणता! पण बीड तापत गेलं. हात काढावे लागले. मग ते मोटारीपासून मागं सरले आणि नुसतेच उभे राहिले. सगळे एकमेकांना ओरडून सांगत होते, हसत होते, आणि मध्ये तात्या, लग्नात कुणी ओळखीचं न भेटलेल्या पाहुण्यासारखे. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी जाऊन त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं. इंजिनाचा आवाज कसा सांगतात ते मला थोडंच ठाऊक! जे घरात होतं ते सांगितलं. "तात्या, आधी जातं फिरतंय! मोठं जातं, दोघींनी ओढायचं! दाणा पडतोय, घर्र, घर्र! आता रणजितरावांनी पायानं दाबलं, आता आधण आलंय, झाकण उडतंय!"

तात्यांनी डोळे मिटून घेतले. "मग?"

"मग ढोल लागलेत, तात्या! एक नाही, पंचवीस! एकाच्या मागं एक, कुठं चुकत नाही! वर पिपाणी चढतीय, चढतीय..."

रणजितरावांना तात्यांशी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. इतकं की छपरावरच्या कोंबडीच्या नख्या ऐकू याव्यात.

तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. मान डोलत होती.

"मग?" ते म्हणाले.

आळीतलं कुणी हललं नाही. सासूबाईंनी पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी घसा खाकरला, तात्यांच्या कानाशी परत तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आता मोटार घाट चढतीय, तात्या..."